नखभर मेण आणि मेंढीचं तेल

आमचे वडील खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झाले. कारखाना 1869 सालचा, आणि तिथली गुप्तता वडिलांच्या अंगात अशी मुरलेली की उभ्या नोकरीत त्यांनी घरी येऊन कामाबद्दल अवाक्षर काढलं नाही. शाळेत कुणी विचारलं, तुझे बाबा काय करतात, तर मी म्हणायचो, सरकारी नोकरी. तिथे काय करतात म्हटलं की गप्प बसायचो. मला वाटतं आईलाही नक्की माहीत नव्हतं. डबा भरून द्यायचा आणि तो रिकामा परत आला की मोजून घ्यायचा, एवढाच तिचा देशाच्या संरक्षणाशी संबंध. अशा माणसाला त्याच्या मुलाने पन्नाशी उलटल्यावर पेनसिल्व्हेनियातून रविवारी सकाळी फोन करून सांगितलं, "बाबा, मी गॅरेजमध्ये काडतुसं भरायला लागलोय."

पलीकडे बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग प्रश्न आला.

"पगारी की बिनपगारी?"

"हौस म्हणून."

"स्वतःच्या पैशाने?"

"हो."

"बरं," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.

ही हौस शेजारच्या आजोबांमुळे लागली. आजोबा म्हणजे लेथवर आयुष्य काढलेला, सहा फुटी, कमी बोलणारा अमेरिकन माणूस. आमच्या राज्यात हरणांच्या शिकारीचा हंगाम हा सणच आहे. 2019 पासून तो थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो. त्याआधी सोमवारी व्हायचा, आणि त्या सोमवारी कितीतरी शाळांना चक्क सुट्टी असायची. आजोबा तेव्हापासून जंगलात जातात. मी शाकाहारी असल्याने कागदावर नेम धरतो. शंभर यार्डांवर कागद लावायचा, पोटावर पडायचं, श्वास रोखायचा आणि चाप ओढायचा. हरणांना माझ्यापासून धोका नाहीच, आणि कागदालाही फारसा नाही.

एकदा नेमबाजी आटोपल्यावर मी रिकाम्या पुंगळ्या कचऱ्याच्या डब्यात टाकत होतो. आजोबांनी माझा हात धरला. काडतुसातला सगळ्यात महागडा भाग म्हणजे ही पितळी पुंगळी, ते म्हणाले. गोळी जाते, दारू जळते, टोपी फुटते, पण पुंगळी पुन्हापुन्हा भरता येते. ज्या घरात दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, भंगारवाल्याला किलोवर विकल्या जायच्या, त्या घरातल्या मुलाला हे ऐकवायला नको होतं. घरी येऊन मी बायकोला पटवलं की या उद्योगाचं मूळच काटकसरीत आहे. 1943 साली, युद्धात गोळ्या मिळेनाशा झाल्या तेव्हा कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिलच्या फ्रेड हंटिंग्टनने .22 च्या वापरलेल्या पुंगळ्यांपासूनच नव्या गोळ्यांची कवचं बनवायचे साचे केले, आणि त्यातून आरसीबीएस ही आजही नावाजलेली कंपनी उभी राहिली. बायको म्हणाली, "म्हणजे त्याने कंपनी काढली. तुम्ही काय काढणार आहात?" मी क्रेडिट कार्ड काढलं.

त्या कार्डावर काय काय आलं याचा हिशेब मी ठेवला नाही. बायकोने ठेवला आहे.

आता थोडं यंत्रशास्त्र, कारण त्याशिवाय माझा गाढवपणा कळणार नाही. रायफल उडते तेव्हा पुंगळीच्या आत प्रचंड दाब तयार होतो. माझ्या थर्टी-ऑट-सिक्स रायफलच्या काडतुसाला कमाल मर्यादा 60,000 पीएसआयची आहे. आपल्या गाडीच्या टायरात बत्तीस-पस्तीस असतात. या दाबाने पितळ फुगतं आणि नळीच्या कोठ्याला आतून घट्ट चिकटतं. दाब ओसरला की किंचित आकसतं, पण मूळ मापावर येत नाही. म्हणून पुन्हा भरण्याआधी ती फुगलेली पुंगळी पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबून मापात आणावी लागते. टेबलावर प्रेस, प्रेसला लांब दांडा; दांडा खाली ओढला की पुंगळी वर डायमध्ये शिरते, दांडा वर नेला की बाहेर येते. निदान यायला हवी. पितळ म्हणजे सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त, मऊ आणि गळेपडू. कोरडं पोलाद दिसलं की त्याला चिकटून बसतं. पिस्तुलाची पुंगळी सरळ उभी असते, तिच्यासाठी टंगस्टन कार्बाइडची डाय मिळते आणि बिनवंगणाचं भागतं. रायफलच्या पुंगळीला मात्र मान असते, खांदा असतो. तिला वंगण हवंच.

हे वंगण किती लावायचं, हा सगळा प्रश्न आहे. कमी पडलं तर पुंगळी डायमध्ये अडकते. जास्त झालं तर तेल खांद्यापाशी कोंडतं, तेल काही दाबलं जात नाही, मग पितळ दबतं आणि खांद्याला पोचा येतो. माझ्याकडच्या माहितीपुस्तकात लिहिलं होतं: हलकासा थर लावावा. तीस वर्षं ज्याने सॉफ्टवेअर तपासण्यात घालवली त्याला 'हलकासा' हा शब्द झोप लागू देत नाही. हलकासा म्हणजे किती? मी आजोबांना विचारलं. त्यांनी खिशातून एक चपटी डबी काढली. आत मेण. करंगळीचं टोक त्यावर फिरवलं, मग तेच बोट एका पुंगळीवर फिरवलं, दुसरीवर फिरवलं, तिसरीवर फिरवलं. मला पुंगळीवर काहीच दिसलं नाही, आणि बोटावरही काही दिसलं नाही.

"एवढंच?"

"जास्तच झालं," आजोबा म्हणाले.

दोन औंसांची डबी. किती वर्षं चालली आहे हे त्यांना आठवत नव्हतं. कुठल्याही शहाण्या माणसाने तशीच एक डबी मागवली असती आणि हा लेख इथेच संपला असता. पण माझ्या पेशाने मला शिकवलं आहे की एका म्हाताऱ्याचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. वंगणांची शास्त्रशुद्ध तुलना व्हायला हवी. मी एक्सेलची फाइल उघडली. मेण, पॅडवर ओतायचं घट्ट तेल, ट्यूबमधली पेस्ट, डब्यातला फवारा, घरी बनवायचं लोकरीच्या तेलाचं मिश्रण, आणि शेवटचा स्तंभ 'घरगुती'. त्यात काय येणार हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

दांड्याला किती जोर लागतो हे मोजायला उपकरण हवं होतं. प्रत्येक अमेरिकास्थित मराठी घरात एक वजनकाटा असतो, हातात धरून बॅग उचलायचा, भारतात जाताना दर बॅगेला तेवीस किलोची मर्यादा पाळण्यासाठी. तो मी कपाटातून काढला, त्याचा आकडा दांड्याला अडकवला आणि दांड्याऐवजी काट्याला धरून ओढायचं ठरवलं. माझ्या कारकिर्दीतली सगळ्यात सुबक कल्पना. बायको दारात उभी राहून म्हणाली, "जानेवारीत जायचंय आपल्याला, तेव्हा लागेल तो." मी म्हटलं, त्याला काय होतंय.

आधी पुंगळ्या धुवायला हव्या होत्या. देवाच्या समईसाठी घरात पितळेचं पॉलिश होतं, ते घेऊन बसलो आणि सहज बाबांना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं: "अमोनिया आहे का त्यात?" बाटलीवर पाहिलं. होता. मग माझ्या वडिलांनी आपल्या धंद्याविषयी उभ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भाषण केलं. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात लष्कराच्या हालचाली थंडावायच्या, काडतुसं पाऊस उघडेपर्यंत घोड्यांच्या पागेत रचून ठेवायचे. आणि पावसाळा संपल्यावर बघावं तर पुंगळ्यांना भेगा. कुणाला कळेना का. 1921 साली उलगडलं की घोड्यांच्या मुतातला अमोनिया हवेत असायचा आणि ताण असलेल्या पितळाला तो हळूहळू चिरत न्यायचा. "ही गोपनीय माहिती नाही," त्यांनी घाईघाईने जोडलं, "पुस्तकात आहे." मागून आईचा आवाज आला, "त्याला म्हणावं चिंच लाव. एवढं काय त्यात?" आईला कुणी सांगितलं नव्हतं, पण इथे लोक हेच काम सायट्रिक ॲसिडने करतात. पॉलिश समईपाशी परत गेलं. माझ्या पुंगळ्या चिंचेच्या कोळात न्हाल्या आणि अशा लखलखल्या की आजोबांनी डोळे बारीक करून मला विचारलं, काय वापरलंस. मी म्हटलं, गोपनीय आहे.

पहिली चाचणी पॅडची. फोमचा पॅड, त्यावर तेल ओतायचं, पसरवायचं आणि पुंगळ्या त्यावर लोळवायच्या. पद्धत जुनी आणि चांगली आहे. पण ज्या हातांनी लहानपणापासून वरणभातावर तूप वाढताना 'अजून थोडं' ऐकलंय, त्या हातांना तेल पसरवायला सांगणं धोक्याचं. पुंगळ्या सुळकन आत, सुळकन बाहेर. काटा जेमतेम हलला. मी एक्सेलमध्ये उत्तम असं लिहिलं आणि मग दिव्याखाली त्या ओळीने मांडल्या. प्रत्येकीच्या खांद्याला खळी. अगदी गालावरच्यासारखी.

आजोबांनी एक उचलून पाहिली. "आंघोळ घातलीस?"

शिवाय प्रत्येक पुंगळी बाहेर येताना किंचाळायची. डायच्या आत एक गोळा असतो, तो मानेच्या आतून घासत येतो, आणि मानेत आतून वंगण लावायचं राहिलं होतं. गॅरेजमधून ओळीने किंकाळ्या. बायको पिठाच्या हाताने धावत आली. ब्रशने आत नखभर ग्रॅफाइट फिरवलं की ते थांबतं, पण ही गोष्ट माहीत व्हायच्या आत समोरच्या घरातल्यांनीही खिडकी उघडून पाहिलं होतं.

मग फवारा. कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही, दोष त्यांचा नव्हता. डब्यावर ठळक अक्षरात छापलं होतं: फवारल्यावर द्रव उडून जाईपर्यंत थांबा. फवाऱ्यातला पातळ द्रव फक्त वंगण पसरवायला असतो. तो उडाला की मागे वंगणाचा पापुद्रा राहतो आणि काम तो करतो. द्रव ओला असतानाच दाबलं तर दाबाखाली तो बाजूला सरतो, आणि पितळ पोलादाला भिडतं. हे सगळं मी वाचलं होतं. एक्सेलमध्ये 'थांबण्याचा वेळ' असा स्तंभही होता. पण त्या संध्याकाळी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाची तालीम होती, मी 'एकच प्याला'तल्या सुधाकराच्या भूमिकेत होतो, आणि उशीर होत होता.

पुंगळी अर्धी आत गेली आणि थबकली. मी काट्याला जोर लावला. थोडी गेली. आणखी लावला. पूर्ण गेली. आता दांडा वर. दांडा वर येईना. मी भिंतीला पाय लावला, दोन्ही हातांनी काटा धरला आणि सुधाकराच्या आवेशात ओढलं. काट्याने आधी काही आकडे दाखवले, मग इंग्रजी अक्षरं दाखवली, मग एकदम सुटल्यासारखं झालं आणि मी मागे रचलेल्या हिवाळी टायरांवर जाऊन आदळलो. दांडा वर होता. पुंगळीचा बुडाचा काठ फाटून खाचेत राहिला होता, आणि उरलेली पुंगळी डायमध्ये ठाण मांडून बसली होती.

तालमीला फोन केला. सुधाकराच्या कमरेला उसण भरली आहे, असं कळवलं. खोटं नव्हतं.

आजोबांनी हे पाहिलं तेव्हा ते हसले नाहीत, ते मला जास्त लागलं. त्यांच्याकडे यासाठी एक संच होता, म्हणजे जगात असे गाढव पुरेशा संख्येने आहेत. प्रेसवरून डाय काढून व्हाइसमध्ये धरली. पुंगळीच्या बुडात, टोपीच्या जागी भोक पाडलं. पाव इंचाचा टॅप घालून आटे पाडले. टॅप फिरवताना ते दर अर्ध्या फेऱ्याला थोडा उलटा फिरवत होते, चुरा तुटावा म्हणून. तीस वर्षांच्या लेथची सवय. मग वर एक पोलादी टोपण ठेवलं, त्यातून बोल्ट आट्यात घातला आणि पान्याने आवळत गेले. बोल्ट पुंगळीला वर ओढत होता. एक 'टक्' झालं. पुंगळी बाहेर. माझी शास्त्रशुद्ध तुलना त्यांनी कॉफी गार व्हायच्या आत सोडवली. जाताना त्यांनी फवाऱ्याचा डबा उचलला, त्यावरच्या ठळक अक्षरांवर करंगळी ठेवली आणि डबा परत जागेवर ठेवून दिला.

या धक्क्यातून सावरायला मी घरगुती स्तंभाकडे वळलो. खोबरेलाने सुरुवात केली. ते चोवीस अंशांखाली गोठतं आणि आमच्या गॅरेजमध्ये नोव्हेंबर असतो. बाटली उलटी केली तर नुसता आवाज झाला. स्वयंपाकघरात गरम करून आणेपर्यंत दारातच पुन्हा पांढरं. एरंडेलाने मात्र चकित केलं. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांना हेच तेल घालायचे, कारण ते पेट्रोलमध्ये विरघळत नाही आणि कडक दाबाखाली टिकतं. पुंगळ्या छान दाबल्या गेल्या. मग पुसता पुसता रात्र झाली, कारण ते हाताला, फडक्याला आणि फडकं ठेवलं त्या टेबलालाही सोडत नाही. सगळ्यांच्या गॅरेजमध्ये असतो तो निळा-पिवळा डबा, डब्ल्यूडी-40, तोही हाताशी होता. पण तो 1953 साली सॅन दिएगोत पाणी हुसकावण्यासाठी बनवला गेला, पातळ आहे, आणि अशा दाबाखाली टिकायचा नाही. एक डाय सोडवून झाल्यावर मी तेवढा शहाणा झालो होतो.

मग तूप. याला बायकोचा तात्त्विक विरोध होता. "अहो, साजूक तूप गॅरेजमध्ये?" मी म्हटलं, इतिहासाचा आधार आहे. काडतुसाला गायीडुकराची चरबी असल्याची बातमी पसरली तेव्हा सरकारने जानेवारी 1857 मध्ये सिपायांना मुभा दिली होती की स्वतःला चालेल ते वंगण लावा. बायको म्हणाली, "आणि मग काय झालं ते माहीत आहे ना?" वाटी परत गेली. तुपाचा रकाना रिकामाच आहे.

रविवारी बाबांना सगळं सांगितलं. पितळ ओढायला काय वापरतात, निदान एवढं तरी सांगा, असं विनवलं. ते कितीतरी वेळ बोलले नाहीत. मग आवाज खाली करून म्हणाले, "साबणाचं पाणी. कुठल्याही पुस्तकात मिळेल. माझं नाव घेऊ नकोस." साबण लावून पाहिला. पुंगळ्या आत गेल्या, बाहेर आल्या, आणि गॅरेजला आमच्या खडकीच्या क्वार्टरमधल्या न्हाणीघराचा वास आला.

राहिलं होतं लोकरीचं तेल, म्हणजे लॅनोलिन. रायफलवाल्यांच्या जगात या घरगुती मिश्रणाचा फार दबदबा आहे. एक भाग लॅनोलिन, दहा-बारा भाग नव्याण्णव टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल; हलवायचं, फवारायचं, अल्कोहोल उडेपर्यंत थांबायचं. आता मी थांबायला तयार होतो. आईला मात्र शंका. "मेंढीची चरबी? आपल्या घरात?" मी समजावलं की मेंढीला मारत नाहीत, तिच्या अंगातून लोकरीवर येणारा हा स्निग्ध पदार्थ, लोकर धुतली की निघतो. "म्हणजे मेंढीचा मळ," आई म्हणाली, आणि मळाला तिची हरकत नव्हती.

अल्कोहोल मिळालं. लॅनोलिन कुठे मिळतं हे औषधांच्या दुकानातल्या पोराला विचारलं. त्याने कॉम्प्युटरवर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, सात नंबरची रांग. सात नंबरच्या रांगेत दुपटी, दुधाच्या बाटल्या, खुळखुळे. मधल्या कप्प्यावर एक जांभळी ट्यूब, शंभर टक्के शुद्ध लॅनोलिन, अंगावर पाजणाऱ्या आयांच्या भेगाळलेल्या त्वचेसाठी. ती लहानशी ट्यूब मला पुरणार नव्हती. मी दिसतील तेवढ्या उचलल्या.

गल्ल्यावरची मुलगी गोड होती. तिने ट्यूबा मोजल्या, माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि चेहऱ्यावर अपार कौतुक आणून म्हणाली, "अभिनंदन! जुळं आहे?"

अशा वेळी माणसाने सरळ सांगावं, की नाही, बंदुकीच्या गोळ्यांना लावायचंय. पण या देशात औषधांच्या दुकानात, पिंगट वर्णाच्या, दाढीवाल्या माणसाने मोठ्याने म्हणायचं ते वाक्य नव्हे. मी म्हटलं, "थँक यू." आणि मागे वळलो, तर रांगेत आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या खजिनदार बाई, हातात खोकल्याचं औषध. मंडळाचा पै न पै त्यांच्याकडे लिहिलेला असतो, आणि इतर गोष्टीही. आम्ही दोघं हसलो. त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं. पिशवी पारदर्शक होती.

घरी येऊन मी बायकोची नानकटाईची ट्रे घेतली, त्यावर पुंगळ्या आडव्या मांडल्या, मिश्रण फवारलं, गॅरेजचं दार उघडं ठेवून थंडीत कुडकुडत थांबलो. दांडा असा हलका गेला की काट्याला कामच उरलं नाही. घराला मेंढवाड्याचा मंद वास आला एवढंच. मी आनंदात असताना फोन वाजला. बायकोने घेतला. मला फक्त तिची बाजू ऐकू येत होती. "अय्या, नाही हो... कोण म्हणालं?... नाही, छे, या वयात कसलं... नाही, नाही, लपवण्यासारखं काय आहे त्यात... म्हणजे लपवण्यासारखं काही नाहीच आहे!" फोन ठेवून ती गॅरेजच्या दारात आली. ट्रेकडे पाहिलं, ट्यूबांकडे पाहिलं.

"आता मी त्यांना काय सांगू?" ती म्हणाली. "की माझे मिस्टर हे क्रीम काडतुसांना लावतात?"

दोन्ही पर्याय तोलून पाहिले. गर्भारपणाची बातमी नऊ महिन्यांत आपोआप खोटी ठरते. काडतुसांची खरी होती. बायकोने गप्प राहायचं ठरवलं, आणि मंडळातल्या माणसाच्या गप्प राहण्याला मंडळात होकार समजतात. पुढच्याच कार्यक्रमात तिला पुढची खुर्ची मिळाली. तिने लाडवांचं ताट उचललं तर दोघींनी येऊन काढून घेतलं. कुणी तरी कैरीचं लोणचं आणून दिलं. लोणचं चांगलं होतं. मला मात्र मंडळातले पुरुष खांद्यावर थाप मारून काही न बोलता निघून जायचे. सुधाकराच्या कमरेची उसणही त्यांनी त्याच खात्यात टाकली असावी.

तुलनेचा निकाल असा की मेण पहिलं, लॅनोलिन त्याच्या मागोमाग, आणि बाकी सगळी आपापल्या जागी ठीक, लावणाऱ्याला दम असेल तर. फवाराही पुढे नीट थांबून वापरला तेव्हा गुपचूप काम करून गेला. मग वंगण पुसलं. ते पुसावंच लागतं. पुंगळी तेलकट राहिली तर उडताना तिची कोठ्यावर पकड बसत नाही आणि सगळा धक्का मागे रायफलच्या बोल्टवर येतो. आणि एकदा पुसल्यावर, शंभर यार्डांवरून झाडलेल्या गोळीला कुठल्या वंगणाची पुंगळी होती हे कळायचा काही मार्ग उरत नाही. प्रत्येक वंगणाच्या गोळ्या मी वेगळ्या कागदावर झाडल्या आणि ते कागद आजोबांना दाखवले. सगळ्यांवर सारखीच विखुरलेली भोकं. ते म्हणाले, वंगणात दोष नाही. मी मेणाची डबी मागवली.

जानेवारीत निघायच्या आधी बायकोने माझ्या सगळ्या कोटांचे खिसे उलटे केले. तिने कुठे तरी वाचलं होतं की भारतात विमानतळावर बॅगेत नुसती रिकामी पुंगळी सापडली तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. बुटांच्या टाचा सुद्धा तपासल्या. एकही पुंगळी नव्हती, याची तिने खात्री केली. मग मी कपाटातून काटा काढला आणि एकेक बॅग उचलून वजन केलं. सगळ्या बॅगा बावीस-साडेबावीस. बायकोला आश्चर्य वाटलं, दरवेळी आपल्याला लोणची काढावी लागतात. मी म्हटलं, अनुभव.

नेवार्कच्या काउंटरवर पहिली बॅग पट्ट्यावर ठेवली. सव्वीस. दुसरी, सत्तावीस. मी त्यांना म्हटलं, तुमच्या काट्यात काही तरी गडबड आहे, कारण माझा काटा... आणि माझ्या डोळ्यांसमोर तो दांडा आला, भिंतीला लावलेला पाय आला, टायर आले. बायकोने काही विचारलं नाही. तिने रांगेच्या बाजूला, सगळ्यांच्या वाटेत, बॅग आडवी केली आणि चेन उघडली. चिवडा बाहेर, पुतण्याचे बूट बाहेर, बाबांचा प्रेशर मोजायचा डबा बाहेर, आणि आईच्या पायाच्या भेगांना म्हणून मी उरलेल्या घेतलेल्या जांभळ्या ट्यूबा घरंगळत कुणाच्या तरी पायाशी गेल्या.

त्या पायांत पैठणीच्या काठाची चप्पल होती. खजिनदार बाईंनी वाकून ट्यूबा गोळा केल्या, मोजल्या, आणि बायकोच्या हातातून बॅगेची मूठ काढून घेत माझ्याकडे असं पाहिलं की तसं मला आईनेही कधी पाहिलं नाही.

"वहिनी, तुम्ही बाजूला व्हा बघू," त्या म्हणाल्या. "उचलू दे ह्यांना."